आंत्रदर्शन व कृत्रिम बुद्धिमत्ता

शरीराच्या नैसर्गिक द्वारातून नळीसारखे उपकरण आत सारून आतड्याच्या अंतःपृष्ठाची प्रत्यक्ष पाहणी करण्याच्या पद्धतीस आंत्रदर्शन म्हणतात. व्यवहारात तिला एंडोस्कोपी आणि मोठ्या आतड्यापुरती कोलोनोस्कोपी ही नावे रूढ आहेत. या पाहणीत मिळणाऱ्या प्रतिमांतील विकृती शोधून दाखविणाऱ्या किंवा त्यांचे वर्गीकरण करणाऱ्या संगणकीय प्रणालींचा समावेश कृत्रिम बुद्धिमत्तेत होतो. अशा प्रणालींचा वैद्यकातील उपयोग मुख्यतः एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून वाढला. त्यामागे मात्र दोन शतकांचा इतिहास आहे. हा इतिहास उपकरणांच्या सुधारणेचा आहे, तसाच तो पाहणाऱ्याच्या शिक्षणाचाही आहे. आतड्यात काय दिसते आणि दिसलेल्याचा अर्थ काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर यंत्रांनी बरेचसे दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर पाहणाऱ्याने पूर्वी कोणते रुग्ण पाहिले आहेत यावर अवलंबून राहते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांसारख्या ग्रामीण प्रदेशाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : शरीराच्या पोकळ्यांत डोकावण्याची कल्पना प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मासाठी १०१ यंत्रे सांगितली असून त्यांपैकी २० नाडीयंत्रे म्हणजे नळीच्या आकाराची आहेत. शरीरात रुतलेली शल्ये काढणे, रोग पाहणे, द्रव शोषून घेणे इ. त्यांचे उपयोग सांगितले आहेत. मूळव्याधीच्या तपासणीसाठी असलेल्या अर्शोयंत्राचे पाहणीसाठी दोन छिद्रांचे व शस्त्रकर्मासाठी एका छिद्राचे असे प्रकार आयुर्वेदीय ग्रंथांत वर्णिलेले आढळतात. या यंत्रांना बाहेरच्या उजेडावरच अवलंबून राहावे लागत असल्यामुळे गुदद्वारालगतचा थोडा भागच दिसू शकत असे.

आधुनिक अंतर्दर्शनाचा प्रारंभ जर्मन वैद्य फिलिप बोझिनी (१७७३–१८०९) यांच्या ‘प्रकाशवाहक’ या उपकरणापासून मानतात. १८०६ मध्ये त्यांनी मेणबत्ती, आरसा व नळ्या यांच्या साहाय्याने शरीराच्या पोकळीत प्रकाश नेऊन दाखविला. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेने त्याचे स्वागत केले नाही व उपकरण मागे पडले. फ्रान्समध्ये आंत्वान देझोर्मो यांनी १८५३ मध्ये अल्कोहॉल व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणाऱ्या दिव्याचे उपकरण वापरले. आडोल्फ कुसमाउल (१८२२–१९०२) यांनी १८६८ मध्ये तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या जठरापर्यंत सरळ नळी उतरवून दाखविली. अमेरिकेत हॉवर्ड केली यांनी १८९५ मध्ये गुदांत्र व त्यापुढील भाग पाहण्यासाठी ताठ नळीचे उपकरण वर्णिले.

या सर्व उपकरणांची अडचण एकच होती. मोठे आतडे सु. १·५ मी. लांब व अनेक ठिकाणी वळलेले असते आणि लहान आतडे सु. ६ मी. लांब, वेटोळ्यांचे असते. ताठ नळीने शेवटचा सु. २५ सेंमी. भागच तपासता येतो. वरच्या भागांसाठी १८९५ मध्ये लागलेल्या क्ष-किरणांच्या शोधानंतर बेरियमयुक्त द्रव देऊन घेतलेल्या छायाचित्रांचा आधार घ्यावा लागे. छायेवरून आतड्याचा आकार कळतो, परंतु श्लेष्मकलेचा (आतील नाजूक आवरणाचा) रंग, सूज व उथळ व्रण कळत नाहीत.

प्रकाशीय तंतू व लवचिक दर्शक : वळणावळणांतून प्रतिमा बाहेर आणण्याचा मार्ग पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या तत्त्वाने मोकळा केला. काचेच्या बारीक तंतूत एका टोकाने शिरलेला प्रकाश भिंतींवर पुनःपुन्हा परावर्तित होत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो व तंतू वाकविला तरी वाट सोडत नाही. असे हजारो तंतू त्यांचा क्रम न बदलता जुडीने बांधले, तर प्रत्येक तंतू प्रतिमेचा एकेक ठिपका वाहून नेतो. म्यूनिकमधील वैद्यकाचा विद्यार्थी हाइनरिख लाम याने १९३० मध्ये असा प्रयोग केला होता. पुढे हॅरल्ड हॉपकिन्स (१९१८–९४) व भारतात जन्मलेले भौतिकीविज्ञ नरिंदर सिंग कपानी (१९२६–२०२०) यांनी लंडन येथे केलेले संशोधन १९५४ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच अंकात डच शास्त्रज्ञ ए. सी. एस. व्हान हील यांचाही लेख होता. हे लेख वाचून दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले वैद्य बेझिल हिर्शोविट्झ (१९२५–२०१३) यांनी अमेरिकेतील मिशिगन येथे लॉरेन्स कर्टिस व विल्बर पीटर्स यांच्या सहकार्याने १९५७ मध्ये पहिला लवचिक तंतुदर्शक तयार केला. तो त्यांनी प्रथम स्वतःच गिळून पाहिला. [→ प्रकाशीय तंतू].

१९६० नंतरच्या दशकात जपान व अमेरिका येथे मोठ्या आतड्यासाठी लांब दर्शक तयार झाले. न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये दर्शकातून तारेचा फास सोडून पॉलिप (श्लेष्मकलेवर वाढणारा मांसल कोंब) विजेच्या साहाय्याने कापून काढला. त्यामुळे पोट न उघडता पाहणीबरोबर उपचारही शक्य झाला. मोठ्या आतड्याचे बरेच कर्करोग अशा कोंबांतील ग्रंथि-अर्बुदांपासून सावकाश निर्माण होतात. कोंब काढून टाकल्यास कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते, असे अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाने १९९३ मध्ये दाखविले.

भारतात इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी ही पचनसंस्थेच्या विकारांच्या तज्ञांची संघटना १९६० मध्ये व अंतर्दर्शनाची स्वतंत्र संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात मुंबई हे या विद्येचे प्रमुख केंद्र ठरले. मुंबईतील अंतर्दर्शनतज्ञ अमित मायदेव यांना २०१३ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

चलत्‌चित्रे व कॅप्सूल : १९८३ मध्ये दर्शकाच्या टोकालाच प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनीय चकती बसविलेला दर्शक अमेरिकेत प्रचारात आला. प्रतिमा आता तंतूंऐवजी विद्युत् संकेतांच्या रूपाने पडद्यावर येऊ लागली. पूर्वी नेत्रिकेला डोळा लावलेला एकच वैद्य आतडे पाहू शकत असे. आता सर्वांना एकाच वेळी पाहता येऊ लागले व प्रतिमा साठवूनही ठेवता येऊ लागली. पुढील काळात संगणकाला शिकविण्यासाठी जो प्रतिमासंग्रह लागला, त्याचा पाया या बदलाने घातला गेला.

इझ्राएलमधील अभियंते गाव्रिएल इदान व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सु. ११ मिमी. व्यासाची व २६ मिमी. लांबीची ही कुपी लहान आतड्यातून पुढे सरकताना प्रतिमा प्रक्षेपित करते. एका तपासणीत सु. ५०,००० प्रतिमा जमतात. विकृती कदाचित त्यांतील दोन-चार प्रतिमांतच असते. एवढ्या प्रतिमा एकाग्रतेने पाहणे हे माणसाच्या शक्तीची कसोटी पाहणारे काम आहे. यंत्राच्या साहाय्याची गरज येथे प्रकर्षाने जाणवली.

यंत्राची दृष्टी : आंत्रप्रतिमांतील विकृती संगणकाने ओळखण्याचे प्रयत्न २००० च्या सुमारास सुरू झाले होते. त्या वेळी पृष्ठभागाचा पोत, रंग, कडा इ. कोणती लक्षणे मोजावयाची ते संशोधक स्वतः ठरवीत. फेस, मलाचे अवशेष, ओल्या पृष्ठावरील चकाकी यांमुळे अशा प्रणाली सहज फसत. दुसरी वाट जपानी संशोधक कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये मांडलेल्या, दृष्टिसंस्थेच्या रचनेवर बेतलेल्या तंत्रिका-जालाची होती. तिच्यात लक्षणे माणसाने ठरवीत नाहीत. तज्ञांनी ‘कोंब आहे’ किंवा ‘कोंब नाही’ असे शेरे लिहिलेल्या हजारो प्रतिमा जालास दाखविल्या जातात व उत्तर चुकले की जालातील अंतर्गत गुणांक थोडे बदलले जातात. ही क्रिया असंख्य वेळा केल्यावर जाल नवी प्रतिमा ओळखू लागते. २०१२ मध्ये प्रतिमा ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टोराँटो येथील गटाच्या जालाने मोठे यश मिळविले व ही पद्धत वैद्यकात झपाट्याने पसरली. [→ संगणक].

मोठ्या आतड्यातील कोंब शोधण्याचे काम या पद्धतीस विशेष अनुकूल ठरले. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून झालेल्या अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा अनुभवी तज्ञांच्याही नजरेतून सु. २२ टक्के कोंब निसटतात असे दिसून आले. चीनमध्ये १,०५८ रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथि-अर्बुद आढळलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या तपासणीत २०·३ टक्के होते, तर संगणकाच्या साहाय्याने ते २९·१ टक्के झाले. इटलीतील २०२० च्या चाचणीत हेच प्रमाण ४०·४ वरून ५४·८ टक्क्यांवर गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकारच्या पहिल्या प्रणालीस विक्रीची अनुमती दिली. तपासणी चालू असताना संशयित जागेभोवती पडद्यावर चौकट उमटते. ती जागा खरोखर विकृत आहे किंवा कसे हे वैद्यच ठरवितो.

कॅप्सूल-प्रतिमांच्या वाचनातही मोठा फरक पडला. चीनमधील ७७ रुग्णालयांच्या ६,९७० रुग्णांच्या ११ कोटींहून अधिक प्रतिमांवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात एका तपासणीच्या वाचनास वैद्यांना सरासरी ९६·६ मिनिटे लागत होती. प्रणालीच्या साहाय्याने तो वेळ ५·९ मिनिटांवर आला. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ या विकारात सूज किती आहे याविषयी दोन तज्ञांचे अनेकदा एकमत होत नाही व नव्या औषधांच्या चाचण्यांत त्यामुळे अडचण येते. २०१९ व २०२० मध्ये अमेरिका व जपान येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या हजारो प्रतिमांवरून सुजेची श्रेणी ठरविणाऱ्या प्रणाली प्रसिद्ध केल्या.

आंत्रक्षय व क्रोन रोग : वरील यशामागे एक अनुकूल परिस्थिती आहे. कोंब कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, की तो कोणत्या प्रकारचा आहे याचा निर्णय काही दिवसांत लागतो. यंत्राला शिकविण्यासाठी लिहावयाचा शेरा त्यामुळे भरवशाचा असतो. भारतातील एका महत्त्वाच्या आंत्रविकाराबाबत अशी परिस्थिती नाही.

रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा रोग मुख्यतः फुप्फुसाचा असला, तरी तो आतड्यातही होतो व लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्यापुढील उंडुक ही त्याची आवडती जागा होय. न्यूयॉर्क येथील बरिल क्रोन (१८८४–१९८३), लीऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२ मध्ये याच भागात होणाऱ्या, परंतु क्षयजंतूशी संबंध नसलेल्या दीर्घकालीन शोथाचे वर्णन केले. तो क्रोन रोग म्हणून प्रसिद्ध झाला. पोटदुखी, जुलाब, ताप, वजन घटणे व आतड्यात अडथळा ही लक्षणे दोन्ही रोगांत आढळतात. दोहोंत व्रण पडतात, आतडे आकसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणार्बुदे दिसू शकतात. आडवे, आतड्याला वेढणारे व्रण आणि उघडी राहिलेली शेषांत्र-उंडुक झडप ही क्षयाकडे निर्देश करतात. लांबट उभे व्रण, लहान उथळ व्रण आणि फरसबंदीसारखा दिसणारा पृष्ठभाग ही क्रोन रोगाकडे निर्देश करतात. तथापि ही केवळ झुकती लक्षणे आहेत. क्षयाचा निश्चित पुरावा म्हणजे जंतू किंवा मध्यभागी ऊतकनाश झालेले कणार्बुद होय. तो अनेक क्षयरुग्णांच्या ऊतकांच्या तुकड्यांत सापडत नाही.

या संदिग्धतेची किंमत रुग्णाला मोजावी लागते. क्षयाला क्रोन रोग समजून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास क्षय शरीरात पसरण्याचा धोका असतो. क्रोन रोगाला क्षय समजून क्षयप्रतिबंधक औषधे दिल्यास महिने वाया जातात, यकृतावर अनिष्ट परिणाम होण्याचा संभव राहतो व दरम्यान आतडे आकसून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. शंका राहिल्यास क्षयाचे उपचार सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा आंत्रदर्शन करावयाचे व व्रण भरून येतात की नाही ते पहावयाचे, असा परिपाठ भारतात रूढ झाला. आंत्रक्षयास सहा महिन्यांचे उपचार नऊ महिन्यांच्या उपचारांइतकेच परिणामकारक ठरतात, असे गोविंद मखारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील अनेक केंद्रांत केलेल्या चाचणीवरून २०१५ मध्ये दिसून आले.

दीर्घकाळ भारतात क्रोन रोग व व्रणयुक्त बृहदांत्रशोथ हे विकार विरळा मानले जात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील पाहणीत व्रणयुक्त बृहदांत्रशोथाचे प्रमाण दर लाख लोकांत ४४·३ असल्याचे आढळले आणि हा समज बदलला. जगातील सु. एक-चतुर्थांश क्षयरुग्णही भारतातच आहेत. दोन्ही रोग एकाच प्रदेशात आढळत असल्याने त्यांच्यातील भेदाचा प्रश्न येथे नित्याचा झाला आहे. पश्चिम यूरोप व उत्तर अमेरिका येथील प्रतिमासंग्रहांत आंत्रक्षय क्वचितच असतो. अशा संग्रहावर शिकलेल्या प्रणालीस उंडुकातील व्रण दाखविल्यास तिच्या ओळखीच्या रोगांपैकी एकाचे नाव ती देईल. तिने न पाहिलेला रोग तिच्या उत्तरात येऊ शकत नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२१ मध्ये क्रोन रोग, आंत्रक्षय व बेहचेट रोगाचे आंत्ररूप यांत भेद करणारी प्रणाली प्रसिद्ध केली. चीनमध्येही असे प्रयत्न झाले आहेत. भारतीय रुग्णांसाठी मात्र येथील रुग्णांच्या प्रतिमांवर शिक्षण व पडताळणी होणे आवश्यक आहे. [→ क्षयरोग].

या बाबतीत महाराष्ट्रात एक जवळचे उदाहरण आहे. छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून फुप्फुसाच्या क्षयाचा संशय दर्शविणाऱ्या प्रणाली तयार करणारी क्यूर डॉट एआय ही संस्था २०१६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयतपासणीसाठी अशा प्रणालींचा वापर २०२१ मध्ये मान्य केला. क्ष-किरण चित्र मात्र काही मिनिटांत गावातच घेता येते. आंत्रदर्शनाचे तसे नाही.

जुन्नर व आंबेगाव : पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या या दोन तालुक्यांत कुकडी, मीना व घोड या नद्यांची खोरी आहेत. पूर्वेकडील सपाट भागात पुणे–नासिक मार्गावर मंचर व नारायणगाव ही बाजारपेठेची गावे असून कालव्याखालील बागायती शेती विकसित झालेली आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगांत आंबेगाव तालुक्यातील आहुपे, जुन्नर तालुक्यातील हातवीज यांसारखी गावे असून तेथे महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये व मंचर येथील उपजिल्हा रुग्णालय अशी शासकीय आरोग्यव्यवस्था आहे. पचनसंस्थेच्या विकारांचे तज्ञ मुख्यतः पुण्यासारख्या शहरात केंद्रित झालेले आहेत. जुन्नर ते पुणे हे अंतर सु. ९० किमी. आहे.

अंतर्दर्शनाच्या इतिहासाशी जुन्नर तालुक्याचा एक अप्रत्यक्ष दुवा जुळतो. नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) उभारण्यात आला. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या त्याच्या ३० तबकड्या सु. २५ किमी. परिसरात पसरलेल्या असून त्यांनी ग्रहण केलेले संकेत प्रकाशीय तंतूंमधून मध्यवर्ती केंद्राकडे आणले जातात. ज्या तत्त्वाने १९५७ मध्ये जठराची प्रतिमा बाहेर आली, त्याच तत्त्वाने दूरच्या तारकाविश्वांचे संकेत येथील शेतांखालून जातात. या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुर्गम भागात प्रगत यंत्र उभे करणे अशक्य नाही, संकेत दूर नेणेही अवघड नाही. रुग्णाच्या बाबतीत अडचण संकेताच्या दोन्ही टोकांस असते.

बृहदांत्रदर्शनापूर्वी रुग्णास आदल्या दिवशी हलका व नंतर केवळ द्रव आहार घेऊन दोन ते चार लिटर रेचक द्रव प्यावा लागतो. आतडे पूर्ण स्वच्छ नसेल, तर तज्ञाचा डोळा व यंत्र दोन्ही निरुपयोगी ठरतात. डोंगराळ गावातून अशा अवस्थेत प्रवास करणे कठीण असते. त्यामुळे शहरात मुक्काम, सोबत एक माणूस व दोघांची बुडालेली मजुरी हा खर्च तपासणीच्या शुल्काखेरीज पडतो. भातलावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत तपासणी पुढे ढकलली जाते. संशयित आंत्रक्षयाच्या रुग्णाने काही आठवड्यांनी हेच सर्व पुन्हा करावे, अशी अपेक्षा असते. औषधांनी बरे वाटू लागल्यावर पुष्कळदा रुग्ण परत येत नाही आणि बरे न वाटल्यास तो दुसरीकडे जातो.

यंत्राच्या शिक्षणाशी याचा निकट संबंध आहे. आंत्रक्षय की क्रोन रोग, याचा खरा शेरा पहिल्या तपासणीच्या दिवशी लिहिताच येत नाही. तो उपचारांच्या परिणामावरून अनेक महिन्यांनी लिहावा लागतो. जो रुग्ण परत येत नाही, त्याची प्रतिमा शेऱ्यावाचून राहते व शिक्षणासाठी बाद ठरते. म्हणजे ज्या रुग्णांना तज्ञ सर्वांत दूर आहे व ज्यांना यंत्राच्या साहाय्याची सर्वाधिक गरज आहे, तेच यंत्राच्या पाठ्यपुस्तकातून वगळले जातात. शहरात राहणाऱ्या, परत येऊ शकणाऱ्या रुग्णांवरून यंत्र शिकते व नंतर डोंगरातील रुग्णाविषयी मत देते. डोंगरातील रुग्ण बहुधा उशिरा येतो, त्याचा रोग वाढलेला असतो व त्याचे पोषण कमी झालेले असते. त्याच्या आतड्याचे चित्र वेगळे दिसण्याचा संभव आहे.

पाठपुराव्याचा आदर्श : दीर्घकालीन पाठपुरावा ग्रामीण भागात अशक्य आहे, असे मात्र नाही. आंबेगावच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य कार्य बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० नंतरच्या दशकात विकसित झाले. गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरोघर जाण्याची पद्धत तेथे रुजली. २०११ मध्ये बालकांतील रोटाव्हायरसजन्य अतिसारावरील भारतीय लसीची चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील केंद्रांत सुरू झाली. पुणे केंद्राचे काम याच संस्थेने केले. तिन्ही केंद्रांत मिळून ६,७९९ बालकांचा समावेश होता व त्यांच्या घरी नियमित भेटी देऊन अतिसाराची नोंद ठेवण्यात आली. अतिसार व आंत्रदर्शन हे विषय भिन्न आहेत. परंतु आंत्रविकारांच्या संशोधनात उपकरणाइतकेच महत्त्व नोंदवहीला व दारापर्यंत जाणाऱ्या कार्यकर्तीला असते, हे यावरून दिसून येते.

क्षयरोगाच्या बाबतीत अशी काही व्यवस्था अस्तित्वात आहे. २०१२ पासून क्षयरुग्णाची शासनाकडे नोंद करणे बंधनकारक असून तिच्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदप्रणाली वापरली जाते. आतड्याच्या क्षयाचा रुग्णही तीत येतो. क्षयाचे उपचार घेऊनही बरा न झालेला व पुढे क्रोन रोगाचा ठरलेला रुग्ण मात्र या नोंदीबाहेर पडतो आणि त्याच्यासाठी दुसरी सक्तीची नोंद नाही. आंत्रदर्शनाची प्रतिमा, ऊतकपरीक्षेचा निष्कर्ष व उपचारांचा शेवट या तीन गोष्टी एकाच नोंदीत जोडल्या गेल्या, तर भारतीय परिस्थितीस योग्य अशा प्रणालीचा पाया घातला जाईल.

मर्यादा व नियमन : यंत्राच्या साहाय्याचे काही दोषही दिसून आले आहेत. चौकटी अनेकदा फेस किंवा घडी यांभोवती उमटतात व तपासणीचा वेळ वाढतो. अधिक सापडणारे कोंब पुष्कळदा अगदी लहान व निरुपद्रवी असतात. त्यामुळे कर्करोगाने होणारे मृत्यू किती कमी होतील हे दाखविण्यास दीर्घ मुदतीच्या अभ्यासांची आवश्यकता आहे. पोलंडमधील चार केंद्रांत झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक निराळी गोष्ट आढळली. तेथील तज्ञांना यंत्राची सवय झाल्यानंतर यंत्राविना केलेल्या तपासण्यांत ग्रंथि-अर्बुद सापडण्याचे प्रमाण २८·४ वरून २२·४ टक्क्यांवर घसरले. शिकविणाऱ्याचेच कौशल्य शिकणाऱ्यामुळे कमी होत असेल, तर पुढील यंत्रांना शिकविणारे शेरे कोण लिहिणार, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

भारतात वैद्यकीय उपकरणांविषयीचे नियम २०१७ मध्ये करण्यात आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये प्रसिद्ध केली व त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. रुग्णाची संमती, माहितीची गुप्तता, निरनिराळ्या समाजगटांचे योग्य प्रतिनिधित्व व अंतिम निर्णयाची मानवी जबाबदारी यांवर या तत्त्वांत भर आहे. आदिवासी व ग्रामीण रुग्णांच्या प्रतिमा संशोधनासाठी घेताना संमती त्यांच्या भाषेत, समजेल अशा शब्दांत घेणे व संशोधनाचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे त्यातून ओघानेच येते.

मेणबत्तीच्या उजेडापासून तंत्रिका-जालापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर आतड्याचा अधिक भाग अधिक स्पष्ट दिसू लागला. दिसलेल्याचा अर्थ लावण्याची क्षमता मात्र प्रत्येक वेळी रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातूनच आली. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचा मागोवा घेतला, म्हणून क्षयासारखा दिसणारा निराळा रोग ओळखला गेला. संगणकासही हाच नियम लागू आहे. आहुपे किंवा हातवीज येथील रुग्णाच्या आतड्यातील व्रण यंत्राला ओळखता यावयाचा असेल, तर तो रुग्ण प्रथम आरोग्यव्यवस्थेच्या नोंदीत आला पाहिजे आणि बरा होईपर्यंत तीत राहिला पाहिजे.